पिशवीतला हात

बंदराकडून वारा सुटला की व्हायालात
वाळत घातलेल्या चादरी गुलाबी होतात.
कुणी काही म्हणत नाही.
खनिज भरडणाऱ्या यंत्रांवर घरं चालतात,
म्हणून छपरांना लोक मुळातच तांबडा रंग देतात.

हॅड्रिक म्हाताऱ्याची गाडी मात्र पांढरी.
एकतीस वर्षं कारखान्याच्या फाटकाशी उभी राहिलेली
आणि उद्या सकाळी ॲडलेडला जायची, विकायला.
मुलीनं तिकडं गिऱ्हाईक बघून ठेवलंय.

"धुऊन झाली?" मिल्का आत्या विचारते.
"दोनदा. चकचकीत आहे."
ती पावाची रिकामी पिशवी माझ्या पंजावर चढवते
आणि माझा हात बॉनेटवर ठेवते.

आई गं.
डोळ्यांना आरसा, आणि हाताखाली
दाढी न केलेला गाल.
एकेक कण रंगात रुतलेला,
गंजून पाय पसरून बसलेला.
"पाण्यानं जातं ते अंगावरचं," आत्या म्हणते,
"हे अंगातलं."

मग ती मातीची वडी काढते.
साबणाएवढी, निळी, थंडीनं ताठरलेली.
नावाला माती; हिच्यात काही उगवणार नाही.
कोमट पाण्यात बुडवून आत्या ती मळते,
नाताळच्या आदल्या रात्री पिठाचा गोळा मळते
तशीच, अंगठ्याच्या मुळानं.
फवारा मार. आणखी मार, तुझ्या बापाचं काय जातंय.
सरळ रेषेत ने, गोल गोल नको.
दाबू नकोस. तिचं तिला करू दे.

आधी ती अडते,
दुकानासमोर पोर अडून बसतं तशी.
मग कुरकुर बारीक होते,
मग नुसती सळसळ,
मग आवाजच नाही,
आणि हात असा पुढं निघून जातो
की मलाच तोल सावरावा लागतो.

उलटून बघितली: तांबूस पट्टा.
"घडी घाल. मळ आत, कोरी बाजू बाहेर."
छप्पर झालं. चारी दारं झाली.
निळ्याचा जांभळट, जांभळटाचा मातकट.
आता कुठं ती मातीसारखी दिसायला लागली.

डिकी अर्धी झाली होती
तेव्हा हातातून निसटली.
फरशीवर पडली. ओली बाजू खाली.

या शेडमध्ये एकच नियम आहे:
पडलेली माती कचऱ्यात.
वाळूचा एक कण, आणि सबंध पत्र्यावर ओरखडे.
दुसरी वडी नव्हती. शनिवार, चार वाजून गेलेले,
दुकान बंद.
आत्या बाहेर फोनवर
क्रोएशियनमध्ये कुणाला तरी झापत होती.

मी ती उचलली.
नखानं दोन खडे काढले. तिसरा दिसला.
घडी घातली तर दिसणार नाही, असं वाटलं.
घडी घातलीही.
फवारा मारला.
हात डिकीवर नेला आणि एका बोटावर थांबवला.
किती वेळ तसा उभा होतो कुणास ठाऊक,
फवाऱ्याचे थेंब ओघळून बंपरवर आले.

कचऱ्याच्या डब्याचं झाकण वाजलं
तेव्हा आत्यानं वळून पाहिलं.

सहाला हॅड्रिक आला.
गाडीकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही, पिशवी मागितली.
बॉनेटवरून, छपरावरून, सावकाश,
विकायला काढलेल्या घोड्याच्या पाठीवरून फिरवावा तसा हात.
डिकीवर मध्येच थांबला.
मागं आला. पुन्हा पुढं गेला.
गुळगुळीत. खरखरीत.
गुळगुळीत. खरखरीत.
मी तोंड उघडलं. आत्यानं डोळ्यांनीच मिटवलं.

"गिऱ्हाईक टायरला लाथ मारून बघतं," तो म्हणाला,
"पत्र्याला हात कोण लावतो."
आणि पुन्हा एकदा लावला, त्याच रेषेवर.

आत्यानं बिलातून दहा डॉलर वजा केले.
त्यानं ते टेबलावर ठेवले,
तिनं त्याच्या खिशात कोंबले,
त्यानं परत काढले.
शेवटी कुणाकडं राहिले ते मला दिसलं नाही.

गाडी निघाली, वळणाशी मंदावली.
पिशवी त्यानं काढलीच नव्हती.
स्टिअरिंगवर चुरचुरत असणार,
पार ॲडलेडपर्यंत.